बिनजहाजाची पंगत

ढाणकीच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या पुंडलिकराव गावंडे सरांना सगळं गाव 'जहाज सर' म्हणायचं. समोर नव्हे, मागे. पण इतक्या मोठ्याने की त्यांना ते माहीत नसणं शक्यच नव्हतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून समुद्र किती लांब आहे हे भूगोलाची शिक्षिका म्हणून मी सांगू शकते. सरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. जहाजही पाहिलं नव्हतं. पैनगंगेवरची नाव तेवढी पाहिली होती, आणि त्यात बसायला ते घाबरायचे.

तरी नाव पडलं ते पडलं, कारण कोणाच्याही ताटात डोकावून ते एकच प्रश्न विचारत, "हे कोणत्या जहाजातून आलं?"

मी शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडला. बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि टोमॅटोच्या दोन फोडी. एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याने डब्याकडे बघून मान हलवली.

"नवीन बाई तुम्हीच का?"

"हो. पाईकराव. भूगोल."

"भूगोल शिकवता अन् असा डबा आणता? अख्खं बंदर उतरलं की तुमच्या डब्यात."

मग त्यांनी मला बसल्या जागी सांगितलं की बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मिरची, मका, पेरू, पपई, सीताफळ, यांतलं काहीही इथलं नाही. फिरंगी आले, गोदामं बांधली, आपला माल नेला आणि बदल्यात हे टाकून गेले. मी चटणीचा घास हातात धरून ऐकत होते. मला वाटलं, पाच मिनिटांत संपेल. सुट्टी संपली, घास तसाच राहिला.

सरांना माणसांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. ते सगळ्यांना विषयाच्या नावाने हाक मारत. "गणित, खडू दे." "विज्ञान, पंखा लाव." मी त्या दिवसापासून 'भूगोल' झाले. मुख्याध्यापकांना कोणताच विषय नव्हता, म्हणून त्यांना ते नुसतं 'साहेब' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द मोठाच अपमान होता हे मुख्याध्यापकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचा नियम मात्र पक्का होता. पायी आला तो पाहुणा, जहाजानं आला तो व्यापारी. कांदा, लसूण, जिरं, हरभरा हे सगळं बाहेरचं आहे हे त्यांना मान्य होतं. पण ते डोंगर ओलांडून, बैलांच्या पाठीवरून, दमत-भागत आलेलं. त्यांना घरात घ्यायला हरकत नाही. मिरची जहाजातून उतरली, म्हणून बाहेर. सर मिरचीऐवजी मिरी खात. शर्टाच्या खिशात तपकिरीची जुनी डबी असायची आणि तिच्यात कुटलेली मिरी. भाजीवर ती शिंपडली की आम्हा सगळ्यांना शिंका यायच्या.

एकादशीला तर त्यांच्या संयमाचा कडेलोट व्हायचा. साबुदाणा जहाजाचा, शेंगदाणा जहाजाचा, बटाटा जहाजाचा, हिरवी मिरची जहाजाची. "म्हणजे देव फिरंग्याईचा हाये का?" असं ते घरी विचारत. घरच्या काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी सुमनताई, त्यांच्यापुढे कोरडी भगर ठेवत आणि स्वतः चुलीपाशी बसून खिचडी खात. मला एकदा त्या म्हणाल्या, "याईच्या भाजीत इतिहास असते बाई, आमच्या भाजीत तिखट. दोन गंज चढवा लागतात रोज." त्या तक्रार करत नव्हत्या. चुलीवर रोज दोन पातेली, असं दोन गंजांचं घर त्यांनी कधीच स्वीकारलं होतं.

हे सगळं खूळ म्हणून सोडून द्यावं असं मलाही वाटायचं. पण ती वर्षंच तशी होती. गावात बोलायला एकच विषय होता, कापूस. बियाण्याचं पाकीट बाहेरून येई, फवारा बाहेरून येई, भाव कुठे ठरे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि बोंडअळी मात्र घरची असल्यासारखी दरवर्षी हजर. सरांचीही शेती होती. एकदा ते शेतातून थेट शाळेत आले, पायाला माती, आणि लाल पडलेलं कपाशीचं पान माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हे बी लांब धाग्याचं पायजे म्हणून सायबानं आणलं होतं. आपलं आखूड धाग्याचं त्याच्या गिरणीले चालत नवतं. तवापासून आपण त्याच्या गिरणीसाठी पेरून राह्यलो. शेत माझ्या हातात नाही, भूगोल. ताट तरी माझं असू द्या." मला त्यांची दया आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला पेरू काढून खिडकीत ठेवला, आणि दया संपली.

त्याच रागात माझ्या तोंडून निघून गेलं. "सर, पेरूचं सोडा. तुमची ज्वारी आफ्रिकेची आहे."

शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. सरांच्या हातात ज्वारीच्या भाकरीचा तुकडा होता. त्यांनी तो डब्यात परत ठेवला, डब्याला झाकण लावलं आणि वर्गावर गेले. वऱ्हाडातल्या माणसाची ज्वारीच काढून घेतली तर त्याच्यापाशी उरतं काय? मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या आधी येऊन बसलेले. जगाचा भिंतीवरचा नकाशा काढून त्यांनी टेबलावर पसरला होता आणि चार कोपऱ्यांवर चार डस्टर ठेवले होते. रात्री झोप झालेली दिसत नव्हती.

"आफ्रिका कुठं संपते?"

मी बोट ठेवलं. त्यांनी आपलं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि चालवायला लागले. इजिप्त, सिनाई, अरबांचं वाळवंट, इराण.

"हे काय निळं?"

"सुएझचा कालवा."

"कोणं खणला?"

"युरोपातल्या लोकांनी. फार नंतर."

सरांच्या चेहऱ्यावर रंग आला. "म्हणजे त्याच्या आंदी वाट कोरडी होती."

"होती."

"मंग आली असंल चालत. तिले काय घाई होती?" असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि कालची आणि आजची अशी दोन्ही दिवसांची भाकरी एका बैठकीत संपवली. गणिताचे सर पुटपुटले की जहाजानंही आली असेल की किनाऱ्याकिनाऱ्यानं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

एक चहा मात्र मला कधी उलगडला नाही. चहा त्यांनी सगळ्यांत आधी सोडला होता, मिरचीच्याही आधी, म्हणे कॉलेजात असताना. पण चहावर त्यांनी कधी भाषण दिलं नाही. शिपाई ट्रे घेऊन आला की सर तो त्याच्या हातून घ्यायचे आणि स्वतः सगळ्यांना कप द्यायचे. पहिला मला. मग बाकीच्यांना. स्वतः खिडकीबाहेर बघत बसायचे. चहा चीनमधून तिबेटात घोड्या-खेचरांवरून, पायी येत होता, म्हणजे त्यांच्याच नियमाने तो पाहुणा ठरत होता, हे मला ठाऊक होतं. पण मी ते सांगितलं नाही. असं एखादं अस्त्र हाताशी राखून ठेवलेलं बरं असतं, पुन्हा पेरूवर संकट आलं तर.

आता शुभांगीबद्दल. ती सरांची एकुलती एक मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, बापासारखी उंच आणि आईसारखी अबोल. तिचं लग्न फुलसावंगीच्या विलासशी ठरलं. मुलगा बँकेत होता, दोघं एकमेकांना पसंत होती, अगदी मनापासून. गावात लग्नं पुढे ढकलली जात होती, त्या वर्षी कापसाने कोणाचंच भलं केलं नव्हतं; त्यामुळे हे लग्न होतंय म्हणून सगळ्यांनाच बरं वाटत होतं. दसऱ्याला सोनं वाटायला माणसं देवळापाशी जमली होती, तिथे सर पारावर चढले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी जाहीर केलं की माझ्या पोरीच्या लग्नात जहाजातून आलेली एकही वस्तू पंगतीत येणार नाही. बफेसुद्धा नाही, कारण तो तर सरळ बोटीतून उतरलेला. फिरंगी यायच्या आधी आपले लोक जसे जेवत तशी पंगत होईल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना कोणाच्या लक्षात आलं नाही की या हिशेबात मिरची पण गेली. आणि सरांच्या लक्षात आलं नाही की मुलाचे वडील, व्याही हिंमतराव, यांचं फुलसावंगीत मिरची कांडायचं यंत्र आहे. म्हणजे माहीत होतं. पण नियमापुढे सरांना असल्या गोष्टी दिसत नसत.

मधे एप्रिल आला. चौदा एप्रिलला, जयंतीला, मी शाळेतल्या सगळ्यांना घरी बोलवायची. आमच्या घरी त्या दिवशी पुरणपोळी होते, तशीच आणखी एक गोष्ट होते, तिला आम्ही 'पुटिंग' म्हणतो. माझ्या आईचे वडील यवतमाळला रुईच्या गठाणी बांधायच्या कारखान्यावर होते, तिथल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी. साहेब खायचा ते मांस शिजवायला गावातले दुसरे आचारी तयार नव्हते, म्हणून ती नोकरी आमच्या माणसांकडे आली. साहेब गेला, बंगला पडला, पण पुटिंग आमच्याकडे राहिलं. साखर जाळून डब्याच्या बुडाला लावायची, वर अंडी आणि आटवलेलं दूध, आणि डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून वाफवायचा. पालथा केला की थरथरत बाहेर येतं.

सरांपुढे आईने ती बशी ठेवली. त्यांनी बशी वळवून वळवून पाहिली.

"अंडी?"

"गावरानी," आई म्हणाली.

"दूध?"

"बाजूच्या घरच्या म्हशीचं."

"साखर?"

"उसाचीच असते नं सर."

"मंग याच्यात जहाजानं काय आलं, आई?"

आईने जरा विचार केला. "सायबाची भूक आली जहाजानं. बाकी सारं इथलंच होतं."

सर इतके हसले की मिशीला जळकी साखर लागली. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग खुशीत येऊन ते लग्नाच्या पंगतीचं वर्णन करायला लागले. केळीची पानं, तिळाचं तेल, मिऱ्याची आमटी, गुळाची लापशी, जमिनीवर एका ओळीत बसलेला गाव. "काय पंगत असंल ती त्या काळची," ते म्हणाले.

"असंल," आई म्हणाली. ती चमच्याने डब्याच्या कडा खरवडत होती. "आमी नाही पाह्यली. आमचे लोक पंगत उठ्याची वाट पाहत भायेर बसत. मंग जे उरंल ते पदरात. मिरं तं आमाले कोणी देल्लं नाही सर. मिरची देल्ली. मीठ-मिरचीवर दिवस काढले माह्या मायनं. तुमी तिले व्यापारी म्हणता. आमच्या घरात तं तेच येत होती."

ती रागाने बोलली नव्हती. औंदा पाऊस कमी होता असं सांगावं तसं तिने सांगितलं आणि दुसऱ्या पाहुण्यांना वाढायला गेली. सरांनी बशी खाली ठेवली. पुढे कितीतरी दिवस शाळेत त्यांनी कोणाला जहाज विचारलं नाही. आम्हाला चुकल्यासारखं झालं. गणिताच्या सरांनी मुद्दाम टोमॅटो आणून त्यांच्यासमोर कापला, तरी काही नाही.

पण शब्द दिलेला होता, तोही दसऱ्याला, पारावरून, सगळ्या गावाला. मास्तरने शब्द मागे घेतला तर पोरं उद्या सनावळ्यासुद्धा मागे घ्यायला सांगतील, असं ते काकूंना म्हणाले. त्यांनी व्याह्यांना पंगतीची चव दाखवायला जेवायला बोलावलं. मला साक्षीदार म्हणून बसवलं.

काकूंनी जीव ओतून केलं होतं. वांगी तिळाच्या तेलातली, मिरी-आलं घातलेलं वरण, कढी, ज्वारीची भाकर. हिंमतराव म्हणजे ठेंगणे, गोल, लालसर माणूस. यंत्राजवळ बसून बसून त्यांच्या टोपीलाही लाल छटा आलेली. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग इकडेतिकडे बघून बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि वांग्यावर लाल भुकटी टाकली. घरचीच होती, वासावरून कळली.

सरांनी ते पाहिलं. दोघांच्या मधे ती पुडी पडून राहिली. जाताना चपला घालता घालता हिंमतराव म्हणाले, "इव्हाई, सैपाक चांगला होता. फक्त जेवल्यासारखं वाटून नाही राह्यलं."

चार दिवसांनी निरोप आला. मिरचीवाल्याची वरात बिनमिरचीच्या पंगतीला जाणार नाही. आमच्या धंद्याला बाहेर उभं करायचं असेल तर आम्हीही बाहेरच बरे.

शुभांगी माझ्याकडे आली. खुर्चीच्या काठावर बसली आणि ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. "बाई, बाबाईले मिरची खा म्हणू नका. ते नाही खायचे. फक्त तिले येऊ द्या म्हणा." ती उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन म्हणाली, "विलास म्हणते का तो बिनतिखटाचं जेवंल जलमभर. पण त्याच्या वडलाले कोण सांगंल?" तेव्हा मात्र तिचा आवाज फुटला. मला सरांचा असा संताप आला की काय सांगू. एवढी गुणी पोर, आणि बापाने तिचं लग्न पोर्तुगिजांच्या हाती दिलं होतं.

मी त्या संध्याकाळी भांडायलाच जाणार होते. पण मी पदर खोचायच्या आत सरच आले. काखेत नकाशाची गुंडाळी होती. त्यांनी ती आमच्या ओसरीवर पसरली. या वेळी कोपऱ्यांवर ठेवायला डस्टर नव्हते, म्हणून आईने तांदळाचा डबा, पाटा आणि दोन पेरू आणून ठेवले. सरांनी पेरूंकडे पाहिलंही नाही.

"भूगोल," ते नकाशाकडे बघत म्हणाले, "हे अमेरिकेचं वरचं टोक अन् हे रशियाचं टोक. मधात येवढंसंच पाणी दिसून राह्यलं."

"बेरिंगची सामुद्रधुनी."

"थंड असंल तिथं."

"खूप."

"हिवाळ्यात गोठते का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. पन्नाशी उलटलेला, हाडाचा इतिहास-शिक्षक, ज्याला मिरची कोणत्या बंदरात उतरली ते झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तो माणूस गुडघ्यांवर बसून, बोट अलास्कावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी भांडण विसरले.

"गोठते, सर," मी म्हणाले. खोटं बोलले नाही. गोठतेच.

"पक्कं?"

"पुस्तकात आहे. माणसंसुद्धा फार पूर्वी तिथूनच चालत गेली म्हणतात."

"माणसं तिकडे गेली." त्यांनी बोट हळूच उलटं फिरवलं. "मंग मिरची इकडे कायले येणार नाही?"

बर्फात मिरचीचं काय होतं, ते मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत होतं. मी म्हणाले, "वाट तर कोरडी आहे, सर."

त्यांनी बोट सैबेरियातून, चीनमधून, हिमालयाच्या कडेकडेने आणत आणत आमच्या जिल्ह्यापर्यंत आणलं. वेळ लागला. आई खांबाला टेकून बघत होती. बोट पोचलं तेव्हा ती म्हणाली, "बसवा आता तिले. लय चालली बिचारी."

सर गुंडाळी करून उठले. दारात थांबून आईला म्हणाले, "आई, लग्नाले तुमी याच. पयल्या पंगतीत. मी सोता वाढतो." आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण तिने ट्रंकेतलं पांढरं लुगडं काढून उन्हात टाकलं.

लग्न झालं. मांडवात पानं मांडली, पंगत बसली, आणि वाढायच्या आधी सरांनी माइक हातात घेतला. भर मे महिन्यात भुकेल्या माणसांना त्यांनी मिरचीची पायपीट ऐकवली. बर्फ, वारा, सैबेरिया, सगळं. मिरचीच्या हालांचं वर्णन ऐकून एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. विज्ञानाचे सर उठून काही म्हणणार होते, त्यांना मी वरणाची वाटी धरायला दिली. हिंमतराव टोपी सावरून ताठ बसले होते. त्यांच्या मालाने एवढे कष्ट काढले असतील याची त्यांना कल्पनाच नव्हती. पुढे कित्येक वर्षं यंत्रावर येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ही हकीकत सांगत, आणि त्यांच्या सांगण्यात मिरचीला वाटेत लांडगेही भेटायचे.

माझी आई पहिल्या पंगतीत, विलासच्या आईच्या शेजारी बसली होती. सर वांग्याची लाल तर्रीची भाजी घेऊन आले, आणि पहिलं वाढण त्यांनी तिच्या पानात वाढलं. विहीण नंतर. वऱ्हाडात यावरून लग्नं मोडलेली आहेत. पण त्या दिवशी कोणी रुसलं नाही, किंवा भुकेमुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा त्या पंगतीत आले नाहीत. सरांनी स्वतः डबीतली मिरी खाल्ली.

नंतर सर निवृत्त झाले. विलासची बदली रत्नागिरीला झाली आणि शुभांगीला मुलगी झाली. सरांनी आयुष्यभर ज्यांच्याशी वैर केलं ती जहाजं आता नातीच्या खिडकीतून दिसत होती. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ढाणकीच्या बसस्टँडवर, रत्नागिरीला निघालेले. आईने सरांच्या नातीसाठी पुटिंगचा डबा दिला होता, तो पोचवायला मी गेले होते. उमरखेडच्या गाडीत खिडकीशी सर, आणि मांडीवर मोठी कापडी पिशवी. पिशवीवर फुलसावंगीची लाली पसरलेली.

"हे काय, सर?"

"हिंमतरावची मिरची. तिकडची तिखट नाही म्हणते पोट्टी." ते जरा ओशाळले. "परत बंदरावर पोचवून देऊन राह्यलो, असं समजा."

मी स्टँडवरच्या हॉटेलातून चहा घेतला होता, अर्धा ग्लास प्यायलेही होते. गाडी सुटायला वेळ होता आणि सर आता कधी भेटतील सांगता येत नव्हतं. मला वाटलं, राखून ठेवलेलं अस्त्र आता देऊन टाकावं. मी म्हणाले, "सर, एक सांगायचं राहिलं. चहा चीनमधून घोड्यांवर, पायी यायचा. तो पाहुण्यातच येतो. तुम्ही उगाच सोडलात."

"ठाऊक हाये मले," सर म्हणाले.

"मग?"

त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "माह्या बापाचं गावात चायचं हाटेल होतं, भूगोल. भायेर खिळ्याले कानतुटके कप टांगून असत. तुमच्या लोकाईसाठी. ज्यानं त्यानं आपला पिऊन धुवून परत टांगाचा. मी कॉलेजात गेलो अन् समजलं का आपण काय करून राह्यलो. बापाले बोलाची हिंमत नवती. चाय सोडला. जहाज मंग सुचलं, लोकाईले सांगाले बरं."

ट्रे आणि पहिला कप आठवला मला. इतकी वर्षं मी समजत होते की बाई म्हणून देतात. मी हातातला ग्लास खिडकीतून पुढे केला. विचार करून नाही, हात गेला. मग लक्षात आलं की तो माझा उष्टा आहे, आणि मी मागे घ्यायला लागले, तोवर सरांनी तो धरला होता.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. सरांच्या एका हातात ग्लास, एका हातात मिरचीची पिशवी, आणि पुटिंगचा डबा गुडघ्यात. स्टँडच्या फाटकाशी गाडी वळली तेव्हा मला ते दिसले. ग्लास ओठांना होता, आणि पांढऱ्या मिशीवर चहा.

मी डोळे पुसत उभी होते. हॉटेलवाला मागून आला आणि गाडी गेली त्या रस्त्याकडे बघू लागला.

"बाई, माहा गिलास?"

"जहाज घेऊन गेलं," मी म्हणाले.